बोल्ट किती आवळायचा?

एखाद्याचं डोकं ठिकाणावर नसलं की आपण पटकन म्हणतो, ‘त्याचा एक स्क्रू ढिला आहे.’ जास्त आवळलेल्या स्क्रूबद्दल मात्र आपल्याकडे कुणी काही बोलत नाही. ‘तुटेपर्यंत ताणू नये’ असं म्हणतात खरं, पण ते दोरीवरून आलेलं. लोखंडी बोल्टही ताणला जातो, लांबतो, आणि हद्द ओलांडली की मान बारीक होऊन तुटतो, हे आपल्या कल्पनेत येत नाही. यात नवल नाही. बोल्ट नेमका किती आवळायचा, हा प्रश्न कारखानदारांनी आणि इंजिनिअरांनीसुद्धा फार उशिरा विचारला. मोटारगाडीची बॉडी ज्या बोल्टांनी खालच्या चेसिसला बांधलेली असते, त्यांच्या निमित्तानं ही हकिकत मी आज सांगणार आहे.

मी कवितेचा माणूस, पदवी बी.ए.ची. तुम्ही म्हणाल, यांचा आणि बोल्टांचा संबंध काय? संबंध मामूंमुळे आला. माझे मामू बार्शीला एस.टी. स्टँडच्या मागं गॅरेज चालवत. कॉलेजच्या सुट्टीत मी तिथं हिशेबाची वही लिहायचो आणि कधी कुठून इंग्रजी मॅन्युअल हाती आलंच, तर ते वाचून अर्थ सांगायचो. मामू चौथीपर्यंत शिकलेले. त्यांच्याबद्दल पुढं बोलेन. आधी बोल्टाच्या जन्माकडे जाऊ.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका बोल्टाचा नट दुसऱ्या बोल्टाला बसेल याची खात्री नसे. ज्या कारागिरानं आटे पाडले, त्याचा हात त्या आट्यांत उतरलेला असायचा. जोडी चुकली की काम अडलं. लंडनच्या हेन्री मॉडस्ले यांनी १८००च्या सुमारास अचूक आटे कापणारं लेथ मशीन उभं केलं. त्यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी इंग्लंडभरच्या कारखान्यांतून बोल्टांचे नमुने गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली इंजिनिअरांच्या सभेपुढं एक योजना मांडली : आट्यांचा कोन सगळीकडे ५५ अंशांचा ठेवा आणि अमुक जाडीच्या बोल्टाला इंचात अमुकच आटे पाडा. मला यातली सरासरी काढण्याची कल्पना फार आवडते. आपल्या कारखान्याचा आटा साऱ्या देशावर लादायचा मोह त्यांनी टाळला.

अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्स यांनी फिलाडेल्फियात वेगळा आटा सुचवला. त्यांचा कोन ६० अंशांचा आणि शेंडे सपाट. कारण काय, तर साध्या कारागिराला तो कमी हत्यारांत करता येतो आणि तपासताही येतो. म्हणजे इंग्लंडचा ५५ आणि अमेरिकेचा ६०. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण नट नीट जुळत नाही. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनी बनवू लागली, तेव्हा तिला ब्रिटिश आटे कापण्याची हत्यारं स्वतः तयार करावी लागली. युद्ध संपल्यावर १९४८च्या नोव्हेंबरात अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका सामाईक आट्यावर सह्या केल्या. त्याच सुमारास जगभरच्या प्रमाणांसाठी ‘आयएसओ’ ही संस्था निघाली होती. तिची क्रमांक एकची समिती कशासाठी आहे, ठाऊक आहे? स्क्रूच्या आट्यांसाठी.

हे झालं बोल्टाच्या आकाराचं. आवळण्याचं काय? तिथं सगळं हातावर सोडलेलं होतं. मात्र तो हात कुणाचा, हे बदलत गेलं. १९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली. मॉडेल टी गाडीची चेसिस जुळवायला आधी साडेबारा तास लागत; थोड्याच काळात ते काम सुमारे दीड तासावर आलं. वरून बॉडी उतरायची आणि चेसिसवर बोल्टांनी बसायची. फोर्ड यांनी आपल्या आत्मचरित्रात या पद्धतीचं वर्णन केलं आहे. जो माणूस बोल्ट घालतो तो नट लावत नाही आणि जो नट लावतो तो आवळत नाही, अशी ती वाटणी होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा थांबलोच. बोल्ट घालताना त्याचे आटे कसे लागले, नट चढताना कुठं घासला, हे सगळं आवळणाऱ्या हाताला आधी कळत असे. आता त्याच्या वाट्याला फक्त शेवटची पीळ आली. दिवसभर पाना ओढून दमलेला माणूस संध्याकाळी सकाळइतकाच आवळेल, याची हमी कोण देणार?

याचं उत्तर मोटारीच्या कारखान्यातून आलं नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यात कॉनराड बार नावाचे गृहस्थ होते. जमिनीखालच्या पाण्याच्या आणि वाफेच्या नळांची तोंडं बोल्टांनी जोडताना कामगार ते बोल्ट इतके आवळत, की त्यातच ते निकामी होत. यावर उपाय म्हणून बार यांनी १९१८ साली जोर मोजणारा पाना तयार केला, असं सांगितलं जातं. पुढं १९३०च्या दशकात अशा पान्यांची पेटंटं निघाली आणि ते मोटार-कारखान्यांत शिरले. हाच टॉर्क रेंच. ठरलेला जोर झाला की ‘टक’ असा आवाज करून तो सांगतो, बस.

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. एक फूट लांब पान्याच्या टोकाला तीस पौंडांची ओढ दिली, की तीस फूट-पौंड टॉर्क झाला. मीटर लांबीला एक न्यूटन ओढ दिली की एक न्यूटन-मीटर. एवढंच गणित आहे. पाना दुप्पट लांब केला, तर त्याच ओढीत दुप्पट पीळ बसते. म्हणूनच पान्यात पाइप घालून आवळणारा माणूस मला धोकादायक वाटतो. आपण किती पीळ देतोय याचा त्याला पत्ता नसतो.

आता जीपकडे येऊ. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. नकाशे विलीजचे, आणि फोर्डनंही त्याबरहुकूमच गाडी बनवायची. पण फोर्डनं आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवलं. जुन्या जीप दुरुस्त करणारे शौकीन आजही त्या एका अक्षरासाठी भंगारबाजार पालथे घालतात. मुंबईत या जीपची जुळणी करायला पुढं आलेली कंपनी १९४५ साली निघाली, तेव्हा तिचं नाव होतं महिंद्र अँड मोहम्मद. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. दोन ‘एम’ तसेच राहिले. या नावापाशी मी दरवेळी क्षणभर रेंगाळतो; मामूंना मात्र ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, “ठीक है, बोल्ट तो वोइच है ना?”

बोल्ट तेच होते, पण एकाच गॅरेजात जाती तीन. जुन्या ब्रिटिश ट्रकांना व्हिटवर्थचे बोल्ट. त्यांच्या पान्यावर बोल्टाच्या दांड्याची जाडी लिहिलेली. जीप आणि अँबॅसिडर अमेरिकन वळणाच्या इंची. त्यांच्या पान्यावर नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर लिहिलेलं. फियाट इटलीची, म्हणून मिलिमीटरची. १९८३च्या डिसेंबरात मारुती आली आणि दहा-अकरा, बारा-तेराच्या पान्यांना भाव आला. या सगळ्यांवर मिस्त्री लोकांनी आपलं सुताचं माप बसवलेलं होतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव इंचाचा बोल्ट दोन सुती, तीन-अष्टमांश इंचाचा तीन सुती. व्हिटवर्थसाहेबांना कळलं असतं तर ते खूश झाले असते, की आणखी एक प्रमाण निघालं म्हणून कपाळाला हात लावला असता, सांगता येत नाही.

जीपची बॉडी चेसिसवर बसते तिथं मधे रबराचे किंवा कॅनव्हासच्या पट्टीचे थर असतात. बोल्ट ढिला राहिला तर बॉडी हलते, करकरते, भोक मोठं होतं. फार आवळला तर रबर चेपून निकामी होतं, पत्रा ओढला जातो आणि भोकाच्या कडेनं चीर जायला लागते. आमच्या भागात त्या काळी या जीप वडापला चालायच्या. आत बारा-पंधरा माणसं, मागच्या फळीवर चार-पाच उभी. त्या सगळ्यांचा भार शेवटी या बोल्टांवर.

अशाच एका जीपचे मागचे दोन बोल्ट येडशीच्या रस्त्यावर तुटले. बॉडी एका अंगाला कलली, फळीवरची दोन माणसं पडली, एकाचा हात मोडला. जीप दुसऱ्या एका गॅरेजात नुकतीच होऊन आली होती. मालकानं तिथल्या पोराला बोलावलं. ‘बोल्ट ढिला ठेवलास’ म्हणून त्याच्या थोबाडीत दिली आणि त्याचं कामही गेलं. जीप ओढून मामूंकडे आली. मामूंनी तुटके बोल्ट काढून रॉकेलनं धुतले आणि उन्हात धरले. मग मला म्हणाले, “देख. गर्दन बारीक हुई की नै?” खरंच, तुटलेल्या जागेशी बोल्ट बारीक झाला होता, ओढलेल्या टॉफीसारखा. ढिल्या राहिलेल्या बोल्टाची मान अशी होत नाही. त्याचे आटे घासतात, दांडा झिजतो. हा बोल्ट आवळतानाच हद्दीपार ताणला गेला होता. चौकशी केल्यावर कळलं, त्या गॅरेजच्या मालकानं स्वतःच पान्यात पाइप घालून शेवटची पीळ मारली होती. मामूंनी जीपमालकाला बोलावून ती मान दाखवली. त्याला ते पटलं की नाही, कोण जाणे. पोरगा मात्र दुसऱ्या दिवसापासून मामूंकडे कामाला लागला.

मामूंनी मानेवरून जे ओळखलं, त्याचा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ सालीच छापला होता. स्प्रिंग जितकी ताणाल, तितक्याच प्रमाणात ती परत ओढते. बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंगच आहे. आवळताना आपण तिला केसभर लांब करतो. ती आखडायला बघते आणि त्या आखडण्यानं बॉडी आणि चेसिस एकमेकांना धरून राहतात. ताण कमी पडला तर खड्ड्यांतून जाताना दोन भाग एकमेकांवर आडवे सरकतात, आणि असं वारंवार सरकणंच नटाला उलटं फिरवतं, हे गेर्हार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरनं १९६९ साली प्रयोगांनी दाखवलं. ताण हद्दीपार गेला तर स्प्रिंग मेली. ती हद्द आजकाल बोल्टाच्या डोक्यावरच लिहिलेली असते. ८.८ असा आकडा दिसला, तर पहिला आठ सांगतो की हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे आठशे न्यूटन ओढ सोसून तुटेल. पुढचा आठ सांगतो, त्याच्या ऐंशी टक्क्यांना ते कायमचं लांबू लागेल. अशा आठ मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण पंचवीस न्यूटन-मीटर पुरतात, दहा मिलिमीटरच्याला पन्नासच्या आतबाहेर.

मग एकदा मी मामूंच्या हाताची परीक्षा घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे टॉर्क रेंच नव्हता. बार्शीत तेव्हा कुणाकडे असेल असं वाटत नाही. मॅन्युअलमध्ये एका तीन सुती बोल्टाला तीस फूट-पौंड लिहिलेले होते. शेजारच्या रद्दीवाल्याचा ताणकाटा आणला, पान्याच्या दांड्यावर बरोबर एक फुटावर अडकवला. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो. मामूंनी आपल्या सवयीनं आवळलेले बोल्ट काट्यानं आणखी थोडे ओढून पाहायचे आणि नट हलला त्या क्षणी काटा वाचायचा, अशी माझी युक्ती. मामूंचे बोल्ट तेरा ते सोळा किलोंच्या दरम्यान हलले. गॅरेजातल्या पोरांचे नऊवर हलले आणि पंचविसावरही. मामू हसले नाहीत की फुशारले नाहीत. त्यांनी विचारलं, “आटे साफ थे क्या सब के?”

तो प्रश्न किती खोल होता, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचताना कळलं. बोल्टावर आपण जो टॉर्क लावतो, त्यातले शंभरातले जवळजवळ नव्वद भाग घर्षणात जातात. निम्मा जोर डोक्याखाली घासण्यात, चाळीसेक टक्के आट्यांत, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. आटे गंजलेले असतील तर ‘टक’ आवाज येऊनही बोल्ट पुरता ताणलेला नसतो. आट्यांना तेल लागलं असेल, तर त्याच आकड्यावर ताण कितीतरी वाढतो. पाना पीळ मोजतो. आपल्याला हवा असतो ताण. म्हणून चांगल्या मॅन्युअलमध्ये आकड्याशेजारी लिहिलेलं असतं, बोल्ट कोरडा हवा की तेल लावून, सगळे बोल्ट कोणत्या क्रमानं आणि किती टप्प्यांत आवळायचे. मामू आधी ब्रश मारायचे, वायसर बदलायचे, सगळे नट हातानं चढवायचे, मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचे. मी हे सगळं वेळकाढूपणा समजत नव्हतो, पण त्यामागचं शास्त्र तेव्हा त्यांना किंवा मला सांगता आलं नसतं.

शेवटी मामू नट बसल्यावर पान्याला पाव फेरी द्यायचे. “इत्ताच बस. और नक्को.” आणि गंमत बघा, शास्त्रही फिरून तिथंच आलं. घर्षण असं फसवतं म्हटल्यावर इंजिनिअर म्हणाले, मग जोर कशाला मोजायचा, फेरी मोजू. आट्यांची चाल ठरलेली असते, तेव्हा नट किती अंश फिरला यावरून बोल्ट किती लांबला हे कळतं. अमेरिकेत पोलादी पूल आणि उंच इमारतींसाठी ही फेरी मोजायची पद्धत १९५० नंतर रुळली. मोटारींच्या इंजिनांतही आता सर्रास लिहिलेलं असतं, आधी इतका टॉर्क, मग नव्वद अंश. नव्वद अंश म्हणजे पाव फेरी.

पण फेरी मोजायची ती कुठून? नट ‘नीट बसला’ तिथून. आणि ‘नीट बसला’ म्हणजे काय, याची त्या अमेरिकन नियमावलीत अनेक वर्षं जी व्याख्या होती, तिचा आशय असा : साध्या पान्यानं पोलादी सांगाडे उभारणाऱ्या एका कामगाराची पूर्ण ताकद लावल्यावर येतो तेवढा घट्टपणा. सगळीकडे आकडेच असलेल्या त्या कागदात मोजमापाची सुरुवात एका कामगाराच्या हातापासून होत होती. ते वाक्य वाचून मला झालेला आनंद एखादी चांगली ओळ वाचून होतो त्याहून कमी नव्हता.

आज मोठ्या कारखान्यांत विजेवर चालणारी आवळणी-यंत्रं महत्त्वाच्या प्रत्येक बोल्टाचा टॉर्क आणि कोन नोंदवून ठेवतात. बॉडी आणि चेसिस वेगळी असलेल्या मोटारी कमी झाल्या. बहुतेकींचं अंग एकसंध वेल्डिंगचं असतं. तरी दारं, बॉनेट, बंपर, सीट आणि सीटबेल्ट बोल्टांवरच असतात. सीटबेल्टचा बोल्ट तर मुद्दाम बघण्यासारखा. सगळी गाडी मिलिमीटरमध्ये, पण जगभरच्या अनेक गाड्यांत हा एक बोल्ट आजही सात-सोळांश इंचाचा, इंचाला वीस आटे असलेला, ६० अंशांचा. १९४८ साली सह्या झाल्या त्याच कुळातला. अपघातात माणसाला जागेवर धरून ठेवण्याचं काम त्याच्याकडे आहे, आणि त्याच्या नशिबी पुष्कळदा सीट-कव्हरच्या दुकानातला कारागीर येतो. सीट काढायची, कव्हर चढवायचं, सीट बसवायची. काही सीटना बेल्टचा एक बोल्ट जोडलेलाच असतो, तोही निघतो आणि परत बसतो. मी अशा दुकानात गेलो की उभा राहतो आणि विचारतो, “किती आवळला?”

“फुल टाइट, साहेब,” असं उत्तर मिळतं.